त्रेचाळीस अ‍ॅप्स आणि एक वही

"ताई, नमस्कार. मी ५४ वर्षांची. गेल्या महिन्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता मी आणि माझे यजमान आठ महिने, सहा-सात देश, कसलीही घाई न करता फिरणार आहोत. माझ्या भाच्यानं प्रवासाला उपयोगी म्हणून माझ्या फोनमध्ये ४३ अ‍ॅप्स टाकून दिलीत. 'मावशी, सगळी फ्री आहेत, एकही पैसा नाही,' म्हणाला. त्यातली निम्मी उघडायलाही मला धास्ती वाटते. हे म्हणतात, एक वही आणि दोन पेनं घे, बास झालं. यावरून आमचे रोज खटके उडतात. खरंच कामाची अ‍ॅप्स कोणती? आणि दुसरं म्हणजे, सगळं फोनवरच करायचं तर आम्ही जग बघणार की स्क्रीन?"
– वहीवाल्यांची बायको

वहीवाल्यांच्या सौभाग्यवती, नमस्कार.

आधी भाच्याची बाजू घेते. पोरानं हौसेनं केलंय, आणि त्या ४३मधली सात-आठ तरी चांगली असणारच. ती कोणती हे सांगायला मला तुमचा फोन बघायची गरज नाही. आज रात्री अर्धा तास काढलात तर तुम्हालाच कळेल.

फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. आता एकेक अ‍ॅप उघडा आणि प्रत्येकाकडून एकेक काम करून घ्या. नकाशावर घरापासून एखाद्या दवाखान्यापर्यंतची वाट काढा. एका वाक्याचं भाषांतर करा. विमानाचं तिकीट उघडून दाखव म्हणा. जे मुकाट्यानं काम करेल ते एका बाजूला. जे नुसतंच गोल गोल फिरत बसेल किंवा "कनेक्शन तपासा" म्हणेल, ते लगेच उडवू नका, पण अडीनडीला ते उभं राहणार नाही हे आत्ताच लक्षात ठेवा.

आठवड्याच्या सहलीत नेट गेलं तर चालून जातं. आठ महिन्यांच्या प्रवासात मात्र ते जातच राहतं. देश बदलला की जुनं सिम मुकं होतं आणि नवं मिळेपर्यंतचे दोन-तीन तास तुम्ही नेमक्या अशा ठिकाणी असता, जिथलं तुम्हाला काहीच ठाऊक नसतं. सीमेवरचा बसतळ, रात्रीचं विमानतळ, घाटातलं एखादं स्टेशन. फोनची गरज सगळ्यांत जास्त तिथं असते. म्हणून माझी पहिली चाळणी "फ्री आहे का" ही नसून "नेटशिवाय चालतं का" ही आहे.

आता नकाशे. पुष्कळांना वाटतं की नेट नाही म्हणजे नकाशा नाही. तसं नसतं. फोनमधलं जीपीएस उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं, त्यांना काही कळवत नाही, आणि त्यासाठी ना सिम लागतं ना डेटा. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. ते चित्र आधीच उतरवून ठेवलं असेल, तर निळा ठिपका भर रानातही तुमच्याबरोबर चालत राहतो. एवढंच, की एरवी उपग्रह चटकन शोधायला फोन नेटची मदत घेतो. ती नसली की पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात. अशा वेळी फोन हलवून काही होत नाही. छपराबाहेर, मोकळ्या आकाशाखाली उभं राहायचं आणि थांबायचं.

गूगल मॅप्स तुमच्याकडे असणारच. त्यात वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारली की ऑफलाइन नकाशांचा पर्याय येतो. हवा तो चौकोन निवडून उतरवून घ्यायचा. काही प्रदेशांसाठी ही सोय मिळत नाही, त्यामुळे निघण्याआधी प्रत्येक देशाचं करून बघा. पण यात एक गोम आहे आणि ती बहुतेकांना भर रस्त्यात कळते: नेट नसताना गूगल मॅप्स गाडीनं जायचा रस्ता सांगतं, पायी जायचा नाही. सायकलचाही नाही, बस-रेल्वेचाही नाही. तुम्ही दोघं तर बहुतेक पायीच फिरणार.

म्हणून दुसरं एक अ‍ॅप हवं: ऑरगॅनिक मॅप्स. मला एकच अ‍ॅप नेता येईल असं कुणी सांगितलं तर मी हे नेईन. हे ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसानं ब्रिटनमध्ये हा उद्योग सुरू केला. नकाशांचा विकिपीडियाच म्हणा ना: जगभरातले लोक आपापल्या भागातले रस्ते, पायवाटा, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहं, अगदी बसायची बाकडीसुद्धा त्यावर नोंदवतात. देशाचा किंवा प्रांताचा नकाशा एकदा उतरवला की चालत जायचा रस्ता, चढ-उतार, शोध, सगळं नेटशिवाय. जाहिराती नाहीत, खातं उघडायची भानगड नाही.

त्याचा उपयोग कसा होतो ते सांगते. एका डोंगरउतारावरच्या जुन्या गावात आमची खोली वर होती आणि बसतळ खाली. दुसरा नकाशा आम्हाला वळणावळणाच्या गाडीरस्त्यानं पाऊण तास चालवत होता. यात बघितलं, तर दोन घरांच्या मधून एक बारीक तुटक रेघ सरळ वर जात होती. तुटक रेघ म्हणजे पायवाट किंवा पायऱ्या. जवळ जाऊन पाहिलं तर खरंच, एका भिंतीला लागून, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांखालून जाणाऱ्या १४० पायऱ्या. मी मोजल्या, कारण पाठीवर अकरा किलोंची सॅक होती. बारा मिनिटांत दारात. कुणीतरी कधीतरी त्या पायऱ्या नकाशावर काढून ठेवल्या होत्या म्हणून. आता तुटक रेघ दिसली की मी आधी तिच्याच वाटेला जाते. क्वचित एखादी कुलूपबंद फाटकापाशीही नेते, तेही सांगून ठेवते.

एक सवय मात्र लावून घ्या. नव्या मुक्कामाला पोचलात की सॅक खाली ठेवायच्या आधी नकाशावर त्या जागेवर बोट दाबून धरा आणि खूण करून ठेवा, नाव द्या "घर". शिवाय राहायच्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला असेल त्याचा स्क्रीनशॉट काढा. इंग्रजी अक्षरांतला पत्ता वाचता न येणारा टॅक्सीवाला मला भेटलाय, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मलाही त्याची पाटी वाचता येत नव्हती.

इथंच "सगळी फ्री आहेत" या वाक्याबद्दल बोलून घेते. मॅप्समी नावाचं एक अ‍ॅप होतं, अजूनही आहे. एके काळी भटक्यांच्या फोनमध्ये ते हमखास असायचं. २०१४मध्ये ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, २०२०मध्ये पुन्हा मालक बदलला, आणि साध्या नकाशाभोवती नको त्या गोष्टी जमायला लागल्या. तेव्हा ते मुळात बनवणाऱ्यांपैकीच काही जणांनी जुना उघडा (म्हणजे कुणालाही घेऊन वापरता येणारा) कोड घेऊन २०२१मध्ये ऑरगॅनिक मॅप्स काढलं. पुढे त्याच्या कारभारावरूनही वाद झाला आणि २०२५मध्ये त्यातूनच कोमॅप्स नावाची आणखी एक फांदी फुटली. तात्पर्य असं की आज फ्री आणि चांगलं असलेलं अ‍ॅप तुमच्या आठ महिन्यांत बदलूही शकतं. एखादं अ‍ॅप अचानक तुमचे संपर्क, मायक्रोफोन किंवा चोवीस तासांचं लोकेशन मागायला लागलं, तर नकाशाला माझ्या बहिणीचा नंबर कशाला हवाय, असं त्याला मनातल्या मनात विचारा आणि परवानगी नाकारा. बहुतेक अ‍ॅप्स नाकारल्यावरही मुकाट चालतात.

भाषांतराला गूगल ट्रान्सलेट पुरतं. मराठीसह कितीतरी भाषा त्यात उतरवून ठेवता येतात, मग नेट लागत नाही. कॅमेरा पाटीवर धरला की अक्षरं बदलून दिसतात. हे दुकानाच्या दारावरच्या वेळा, औषधाचं खोकं, वॉशिंग मशीनची बटणं यांसाठी फार उपयोगी. पण बोलायला वापरताना वाक्यं तोकडी करा. "आम्ही काल जी खोली बघितली होती ती मिळेल का, पण मागच्या बाजूची" असं एका दमात बोललात, तर पलीकडचा माणूस नुसतं हसेल. "खोली हवी. मागच्या बाजूची. दोन रात्री." एवढंच.

आणि जिथं चूक परवडणार नाही ते वाक्य घरूनच तयार करून न्या. समजा यजमानांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. "मला पेनिसिलिन चालत नाही" असं लिहिलंत तर यंत्र "चालत" शब्दावर घसरू शकतं. "मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. ते देऊ नका." असं लिहा, भाषांतर करा, मग तेच भाषांतर उलटं मराठीत करून बघा. अर्थ जसाच्या तसा परत आला तर स्क्रीनशॉट काढा आणि ते वाक्य यजमानांना वहीत उतरवायला सांगा. त्या लिपीत, चित्र काढल्यासारखं. वही बघून हसू नका. पुढे तिचा आणखी उपयोग येणार आहे.

ठरवाठरवीच्या अ‍ॅप्सवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ती सगळी निवांत बसून वायफायवर वापरायची असतात आणि त्यांत फरक उन्नीस-बीसचाच. इथून तिथं जायला काय काय आहे हे बघायला रोमटूरिओ. बस, रेल्वे, बोट, विमान सगळे पर्याय एका जागी येतात, पण त्यातल्या वेळा आणि भाडी अंदाजाची धरा आणि खरी वेळ त्या-त्या बस किंवा रेल्वे कंपनीकडेच बघा. विमानभाडी पारखायला स्कायस्कॅनर किंवा गूगल फ्लाइट्स. तारखा लवचीक असतील तर अख्ख्या महिन्याचा तक्ता बघता येतो, आणि तुमच्या तर आहेतच. तिकीट मात्र शक्यतो थेट विमान कंपनीकडून घ्या. उड्डाण रद्द झालं की मधल्या दलालाकडे आणि कंपनीकडे असं चेंडूसारखं टोलवलं जाणं मी भोगलंय. हवामानासाठी नॉर्वेच्या हवामान खात्याचं वायआर. जगभरचं सांगतं, जाहिराती नाहीत. विमानाला उशीर का होतोय हे बघायला फ्लाइटरडार२४. फलकावर "वेळेवर" लिहिलेलं असतं आणि तुम्हाला नेणारं विमान अजून दुसऱ्याच शहराच्या आकाशात असतं, हे त्यात उघड दिसतं. यजमानांना हे आवडेल असा माझा होरा आहे.

वाचायला मात्र एक खास गोष्ट सुचवते, जी भाच्याच्या यादीत नसण्याची शक्यता आहे. किविक्स नावाचं अ‍ॅप घ्या आणि त्यात विकिव्हॉयेज उतरवून ठेवा. विकिव्हॉयेज म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचंच प्रवासाचं भावंड. प्रत्येक शहरात कसं पोचायचं, कसं फिरायचं, कुठं फसवाफसवी होते, सगळं प्रवाशांनीच लिहिलेलं. किविक्स ते सगळंच्या सगळं फोनमध्ये बसवतं. बसमधल्या सहा तासांत, नेट नसताना, पुढच्या गावाबद्दल वाचत बसायला याच्यासारखं दुसरं काही नाही. विकिपीडियाही असाच उतरवता येतो, पण चित्रांसकट इंग्रजीतला पूर्ण घेतला तर तो शंभर जीबीच्या घरात जातो. त्याच्या नादी लागू नका.

पैशांचं थोडक्यात. चलनाचा दर बघायला एक्सई. नेट असताना आलेला शेवटचा दर ते धरून ठेवतं, त्यामुळे बाजारात उभं राहून हिशेब करता येतो. खर्च विभागणारी अ‍ॅप्स भाच्यानं टाकली असतील, स्प्लिटवाइज वगैरे. त्याच्या मोफत आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात. वाटेत मित्रमंडळी भेटून एकत्र खर्च करणार असाल तर ट्रायकाउंट बरं. पण तुम्ही नवरा-बायको. कुणाकडून किती येणं आहे याचा हिशेब तुमच्या संसारात आता कशाला? रोज रात्री खर्च लिहायला यजमानांची वही उत्तम. त्याच पानावर व्हिसाचे दिवसही मोजायला लावा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जाणार असाल तर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आल्याचा व गेल्याचा दिवस दोन्ही मोजतात. भलेभले यात चुकतात. युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याचा गणकही आहे, त्यावर वहीतला आकडा ताडून बघा.

आता ज्या गोष्टीमुळे माझ्या प्रवासाचे नऊ दिवस वाया गेले, तिच्याकडे येते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटते.

चौथ्या महिन्यात एका बोटीतून उतरताना माझा फोन पाण्यात पडला. फोन गेल्याचं एवढं काही नाही, नवा घेतला. पण घरचं सिम त्या फोनबरोबर तळाशी गेलं होतं. नव्या फोनवर ईमेल उघडायला गेले, तर ईमेल म्हणे तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय. बँकेत शिरायला गेले, तर तिथंही कोड. त्याच नंबरवर. बँकेला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली, "नंबर बदलायचा असेल तर शाखेत या." शाखा दोन समुद्रांपलीकडे. फोन होता, नेट होतं, सगळी अ‍ॅप्स पुन्हा उतरवली होती, आणि एकाही दारातून आत जाता येत नव्हतं.

ते टाळायला काय करायचं, ते घर सोडायच्या महिनाभर आधी करा, आदल्या रात्री नाही. घरचं सिम परदेशात निदान एसएमएस घेईल अशी सोय कंपनीकडून चालू करून घ्या. फोनमध्ये ई-सिम (चकती न घालता नेटवरून उतरवायचं सिम) चालत असेल तर डेटासाठी स्थानिक किंवा प्रवासी ई-सिम दुसऱ्या जागी टाका, म्हणजे घरचं सिम काढून पाकिटात ठेवायची वेळच येणार नाही. नाहीतर ते नखाएवढं सिम हमखास हरवतं. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅप "नंबर बदलायचा का?" असं विचारतं, त्याला नाही म्हणा. जुन्याच नंबरावर ते चालू राहतं.

मग जिथं जिथं एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे खात्यात शिरायचा कोड फोनमध्येच तयार करून देणारं अ‍ॅप, चालतं तिथं ते लावा. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३पासून कोडची प्रत खात्यात जपून ठेवता येते. ती सोय चालू आहे ना, हे डोळ्यांनी बघा. पासवर्डसाठी बिटवॉर्डन. त्याच्या मोफत आवृत्तीत हवे तितके पासवर्ड, हव्या तितक्या फोनांवर. दोघांच्याही फोनांत ते हवं. आणि शेवटची गोष्ट, जी मी केली असती तर ते नऊ दिवस वाचले असते: गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच वापरायचा. फोन, सिम, काहीही हाताशी नसताना पासवर्ड आणि त्यातला एक कोड एवढ्यावर खातं उघडतं. ते दहा कोड कुठं लिहायचे, ओळखा बघू.

वहीत. तेही वरती "गूगल" असं न लिहिता. एखाद्या मैत्रिणीचे जुने फोन नंबर असल्यासारखे. वही यजमानांच्या सॅकमध्ये आणि फोन तुमच्या, म्हणजे एक सॅक गेली तरी दुसरी असेल. तुमच्या घरातलं भांडण खरं म्हणजे इथं मिटायला हवं. दोघांचंही बरोबर होतं.

फोन शोधायची सोय चालू करून ठेवा. अँड्रॉइडवर तिला आता फाइंड हब म्हणतात, आयफोनवर फाइंड माय. मग यजमानांच्या फोनवरून तुमचा फोन एकदा वाजवून बघा. पासपोर्ट, विमा, व्हिसा यांचे फोटो दोघांच्याही फोनांत, नेटशिवाय उघडतील असे. विमानतळाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर व्हीपीएन (तुमची नेटवरची ये-जा इतरांपासून झाकणारी सोय) हवं असेल तर प्रोटॉनचं मोफत मिळतं आणि डेटाची मर्यादा नसते. देश निवडता येत नाही, तो मोबदला. नाव न ऐकलेली फुकट व्हीपीएन मात्र ठेवू नका, कारण तुमची सगळी ये-जा त्यांच्या हातातून जाते. शिवाय काही देशांत व्हीपीएनवर निर्बंध आहेत, ते आधी वाचा.

फोटोंबद्दल एक आकडा सांगते. गूगलकडे फुकट जागा १५ जीबी, आणि १ जून २०२१पासून फोटोही त्यातच मोजले जातात. फोनचा एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा धरला तर चार-पाच हजार फोटोंत ती संपली. आठ महिने म्हणजे सुमारे २४० दिवस. रोज तीस फोटो काढलेत तरी सात हजारांवर जाल, आणि व्हिडिओ तर मी धरलेच नाहीत. जागा संपली की फोटो अडकतात हे ठीक, पण त्याच १५ जीबीत जीमेलही राहतं. पुरी भरली की मेल येणं थांबू शकतं, आणि तुमची तिकिटं, खोल्यांच्या पावत्या तिथंच येतात. फोटोंसाठी वेगळं गूगल खातं उघडा, किंवा फोनला लागणारा एक पेन ड्राइव्ह ठेवा आणि महिन्याला त्यावर उतरवा. रोज रात्री झोपताना त्या दिवसाचे नको ते फोटो उडवा. एकाच सूर्यास्ताचे सतरा असतात, ठाऊक आहे मला.

पॉवर बँक घेणार असाल तर १०० वॉट-तासांच्या आतली घ्या, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. ती विमानात हातातल्या सामानातच चालते, खाली द्यायच्या सामानात नाही. लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं आणि भाच्याचा नंबर दिसेल अशी सोय दोन्ही फोनांत असते, ती भरून ठेवा. ११२ हा आणीबाणीचा नंबर जगात बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून लागतो. दोघं वेगवेगळे फिरणार असाल त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना लाइव्ह लोकेशन द्या, ते आठ तासांपर्यंत चालतं. याला नेट लागतं, म्हणून भेटायची जागा आणि वेळ तोंडीही ठरवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न: जग की स्क्रीन. मला वाटतं ते अ‍ॅपवर आहे. काही अ‍ॅप्स मान खाली घालायला लावतात आणि काही वर करायला.

मर्लिन घ्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, पूर्ण मोफत. त्या-त्या प्रदेशाचा पक्ष्यांचा संच उतरवून ठेवला की नेट लागत नाही. पहाटे खिडकी उघडायची, आवाजाचं बटण दाबायचं आणि फोन खिडकीत ठेवून द्यायचा. जो पक्षी गातोय त्याचं नाव पडद्यावर उजळतं. दोन मिनिटं गेली की तिसरं नाव, मग पहिलं पुन्हा. हळूहळू तुम्ही पडद्याकडे बघेनासे होता, कारण आता कोण बोलतंय हे कानालाच कळायला लागतं. अनोळखी देशातल्या पहिल्या सकाळी चार शेजाऱ्यांची नावं कळावीत तसं वाटतं. चुकतंही कधीकधी. दूरच्या मोटारसायकलला त्यानं एकदा घुबड म्हटलं होतं.

झाडं-फुलं-किडे ओळखायला सीक, त्याला खातंही लागत नाही. रात्री स्काय मॅप. त्यात लाल रंगाचा रात्रीचा मोड चालू करा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे जाणार असाल तर हे नक्की ठेवा. ओळखीचा मृग उलटा दिसतो आणि ध्रुवतारा गायब होतो, तेव्हा आधाराला काहीतरी हवं. भाषेचे शंभरेक शब्द शिकायचे असतील तर डुओलिंगो गमतीला ठीक आहे, पण हवे तेच शब्द पाठ करायला अँकी बरं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत. प्रवासाची रेघ नकाशावर आपोआप काढणारं पोलरस्टेप्स भाच्यानं टाकलेलं असेलच. ठेवा, घरच्यांना बघायला मजा येते. बॅटरी जरा खातं.

उरलेली तीसेक अ‍ॅप्स उडवायला जीव धजत नसेल तर एका फोल्डरमध्ये कोंबा आणि त्याला भाच्याचं नाव द्या.

येत्या रविवारी एक करा. तुमच्याच भागात, पण कधीच न गेलेल्या अशा ठिकाणी बसनं जा, चार-पाच किलोमीटर लांब. तुमचा फोन फ्लाइट मोडवर, नकाशा आधी उतरवलेला, घरावर खूण केलेली. यजमानांच्या हातात फक्त वही, त्यात त्यांनी आदल्या रात्री काढलेला नकाशा. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी चालत घरी यायचं. कोण आधी पोचलं ते मला नक्की कळवा. किल्ली मात्र दोघांकडेही असू द्या.